दोनाच्या वर

ह्युबर्ट : ...'आणि आता मी व्यासपीठावर आमंत्रित करतो उत्तनची सुकन्या, विज्ञानाची वाघीण, कुमारी—'

फ्लेव्हिया : वाघीण नको, अंकल.

ह्युबर्ट : मागच्या वर्षी कबड्डीवाल्या ट्रेसीला वाघीण बोललो होतो. तिनं काय तक्रार केली न्हाय.

फ्लेव्हिया : ती कबड्डी खेळते. मी गणित करते. माझ्या अंगावर कोणी येत नाही.

ह्युबर्ट : मंग सिंहीण?

फ्लेव्हिया : नुसतं 'फ्लेव्हिया' म्हणा.

ह्युबर्ट : नुसतं नाव पुकारायला मी काय दवाखान्यात कंपाउंडर हाय? पस्तीस वर्षं या क्लबचा माईक सांभाळतोय मी. कारखाना होता तवा आठवडाभर बर्फाच्या लाद्या सरकवायच्या नि रविवारी माईक. उद्याचा सत्कार म्हनजे तर घरचंच कार्य. दोन सत्कारमूर्ती, एक माझ्या बहिणीची पोर, एक माझा स्वतःचा पोरगा. तीन-तीन मिनटांचा परिचय. रुबेनचा कालच लिहून झाला. तुझा पाव मिनिटाच्या पुढं सरकत न्हाय. सांग बघू, काय शोध लावलास?

फ्लेव्हिया : शोध नाही. सिद्धता दिली.

ह्युबर्ट : तेच ते. काय सिद्ध केलंस?

फ्लेव्हिया : होत नाही, हे.

ह्युबर्ट : काय होत न्हाय?

फ्लेव्हिया : क्वांटम यंत्रांची एक कसोटी असते. त्या कसोटीत दोनाच्या वर जाता येत नाही.

ह्युबर्ट : पाच वर्षं लागली याला?

फ्लेव्हिया : साडेपाच.

ह्युबर्ट : साडेपाच वर्षं शिकून तू जगाला सांगितलंस की होत न्हाय. पोरी, हे कुठल्याही सरकारी खिडकीवर पाच मिनटांत सांगतात. जेवनाच्या सुट्टीत पन सांगतात.

फ्लेव्हिया : ते कारण देत नाहीत. मी नव्वद पानं कारण दिलंय.

ह्युबर्ट : 'होत नाही'वर टाळ्या येत न्हायत, बाय. मला माईकवरून समजतं. 'होत नाही' बोललं की लोक चपला शोधायला लागतात.

फ्लेव्हिया : शोधू देत. मला लवकर घरी जाता येईल. आणि अंकल, चौकातल्या बॅनरवर माझा आधार कार्डवरचा फोटो कोणी दिला?

ह्युबर्ट : तुझ्या मम्मीनं. बाकी सगळ्या फोटोत तू वाकडं तोंड केलेलं हाय. आधारला सरळ ठेवायला लावतात.

फ्लेव्हिया : आणि रुबेन गॉगल घालून.

ह्युबर्ट : त्याच्या दोस्ताच्या, शेनच्या लग्नातला हाय तो. स्मार्ट दिसतो.

फ्लेव्हिया : आम्हा दोघांना मिळवून जेवढी जागा, तिच्या दुप्पट माजी नगरसेवक.

ह्युबर्ट : शाल त्यांच्या हस्ते हाय ना. शाल जेवढी आखूड तेवढा फोटो मोठा, हा नियमच हाय.

फ्लेव्हिया : आणि खाली ते लाल अक्षरात '२.४३' काय आहे? मी रिक्षातून वाचलं. वाटलं, कार्यक्रमाची वेळ असेल, मुहूर्त काढलेला दिसतो.

ह्युबर्ट : मुहूर्त काय, कार्यक्रम सहाला हाय! तो रुबेनचा रेकॉर्ड हाय, रेकॉर्ड! थांब, वाचूनच दाखवतो. 'ज्यांच्या कंपनीच्या क्वांटम यंत्राने जगप्रसिद्ध कसोटीत तब्बल दोन पूर्णांक त्रेचाळीस शतांश गुण मिळवले, ते आमचे रुबेन.' सोमवारी दहा वाजता कंपनी जगाला सांगनार, आनि त्याच्या आदल्या संध्याकाळी आपन उत्तनला सांगनार. जगाच्या आधी उत्तन! याच नंबरावर त्याला टीमचा लीडर करतायत.

फ्लेव्हिया : कसोटीचं नाव लिहून दिलंय त्याने?

ह्युबर्ट : दिलंय. क्रॉस-एन... एन्ट्रॉपी. दातांची कवळी बाहेर येईल. मी आपला 'कसोटी' बोलनार.

फ्लेव्हिया : किती म्हणालात?

ह्युबर्ट : दोन पॉइंट चार तीन.

फ्लेव्हिया : एक पॉइंट चार तीन असेल.

ह्युबर्ट : दोन. चष्मा लावून वाचलाय. इंद्रलोक नाक्यावरच्या बॅनरवाल्यानं पन फोन करून विचारलं, 'अंकल, टू पॉइंट फोर थ्री पक्का ना? बाद में बोलना मत.' मी बोललो, पक्का. लडका मेरा है.

फ्लेव्हिया : दोन.

ह्युबर्ट : काय झालं?

फ्लेव्हिया : काही नाही. चहा राहिलाय का थोडा?

ह्युबर्ट : तुझं तोंड आत्ता बॅनरवरच्यासारखं झालंय. सरळ. बोल काय झालं.

फ्लेव्हिया : रुबेन आला की त्याच्याशी बोलते मी.

ह्युबर्ट : थांब, थांब. तुझं काय ते दोनाच्या वर होत न्हाय. माझ्या पोराचं दोनाच्या वर झालंय. ह्या दोन वेगवेगळ्या कसोट्या हायत ना?

फ्लेव्हिया : नाही.

ह्युबर्ट : एकच?

फ्लेव्हिया : एकच.

ह्युबर्ट : म्हनजे उद्या सहा वाजता मी आधी वाचनार की असं होऊच शकत न्हाय, तू उठून शाल घेनार. मंग वाचनार की असं झालं, आनि तो उठून शाल घेनार.

फ्लेव्हिया : हो. तशी दोन्ही वाक्यं व्याकरणाला धरून आहेत.

ह्युबर्ट : फ्लेव्ही.

फ्लेव्हिया : हं?

ह्युबर्ट : तुझ्या दोनाचं जरा अडीच होत न्हाय काय? घरातलाच मुलगा हाय.

फ्लेव्हिया : अंकल, नव्वद पानं आहेत ती. कॅरमचे पॉइंट नाहीत.

ह्युबर्ट : मंग मला समजाव. लहान पोराला समजावतात तसं नको. खरं हाय तसं समजाव.

फ्लेव्हिया : तुम्ही लहानपणी आजोबांबरोबर डोलीवर जायचात ना?

ह्युबर्ट : जायचो. समुद्रात खांब ठोकलेले, त्याला पिशवीसारखं लांब जाळं. तोंड पान्याच्या ओढीकडं. आपन काय पकडत न्हाय, पानी आनून देतं. जे येईल ते आपलं.

फ्लेव्हिया : हे यंत्रही तसंच. प्रत्येक वेळी चालवलं की शून्य आणि एकांची एक लांब ओळ बाहेर येते. कुठली येईल ते आधी सांगता येत नाही. पण सगळ्या ओळी सारख्या वेळा येत नाहीत. काही भरपूर येतात, काही जवळजवळ नाहीच. कसोटी एवढंच विचारते, तुझ्या जाळ्यात आलेल्या ओळी भरपूर येणाऱ्यांतल्या आहेत का? डोळे मिटून मनाला येईल ते शून्य-एक लिहीत बसलात तर एक गुण. यंत्र काही न बिघडता सरळ चाललं तर सरासरी दोन.

ह्युबर्ट : आनि यंत्र जास्त हुशार असेल तर?

फ्लेव्हिया : त्या 'तर'मध्ये माझी साडेपाच वर्षं गेली. मला वाटायचं, नुसतं चालवून दोन मिळतात, मग डोकं लावून काहीतरी क्वांटम युक्ती केली तर फक्त भरपूर येणाऱ्या ओळीच उचलता येतील. अडीच, तीन, चार. पहिली तीन वर्षं मी ती युक्ती शोधली. मग लक्षात आलं की सापडत नाही ती मी ढ आहे म्हणून नव्हे. ती नाहीच. आतलं सर्किट बंद डब्यासारखं समजलं, उघडून बघायचं नाही असं ठरवलं, तर कुठलीही युक्ती दोनाच्या वर नावापुरतीच सरकते. जगातलं सगळ्यांत हुशार यंत्र आणि नुसतं सांगितलं तेवढं करणारं यंत्र, दोघंही दोनापाशीच.

ह्युबर्ट : म्हनजे हुशारीचा उपयोग न्हाय.

फ्लेव्हिया : या कसोटीपुरता नाही.

ह्युबर्ट : हेच मी तुझ्या मम्मीला तू दहावीत असताना बोललो होतो. तिनं लाटणं दाखवलं. बरं, आनि डबा उघडून बघितला तर?

फ्लेव्हिया : हा प्रश्न मला परीक्षकांनीसुद्धा इतक्या लवकर विचारला नव्हता. यंत्र छोटं असेल तर आपला साधा कॉम्प्युटरच बसून सगळ्या ओळींची यादी काढू शकतो. कुठली किती वेळा यायला हवी, सगळं. ती यादी एकदा हातात आली की वरच्या-वरच्या ओळी उचला आणि दहा गुण मिळवा. पण मग ते गुण यंत्राचे नाहीत. यादीचे आहेत.

ह्युबर्ट : डोलीत नुसतं पापलेट.

फ्लेव्हिया : काय?

ह्युबर्ट : बाबाजी नाखवा. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. दोन आठवडे त्याची होडी रिकामी येत होती. एका सकाळी आला, पाटी काठोकाठ. नुसतं पापलेट. एक करंदी न्हाय, एक मांदेली न्हाय, खेकड्याचं पिल्लू न्हाय, चिखलाचा ठिपका न्हाय. सगळं बंदर वा वा करत होतं. माझ्या बापानं फक्त पाटीत बघितलं, घरी आला नि आईला बोलला, 'यानं म्हावरं पकडलं न्हाय, निवडलंय. दुसऱ्या कोनाच्या तरी पाटीतून.' कारन डोल निवडत न्हाय ना. डोल सगळ्या कचऱ्यासकट आनते.

फ्लेव्हिया : ...हो. असंच आहे ते.

ह्युबर्ट : माझ्या पोरानं चोरी केली?

फ्लेव्हिया : असं मी म्हटलं नाही.

ह्युबर्ट : तोंडानं न्हाय म्हटलंस.

फ्लेव्हिया : ऐका तरी. चोर असता तर त्याला ही मर्यादा पक्की ठाऊक असती. चोर एक पॉइंट नव्वद लिहितो, अंकल. कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये एवढंच. ज्याने सरळ दोन पॉइंट चार तीन लिहिलं आणि वर वडिलांना बॅनरसाठी दिलं, तो माणूस अगदी भोळा आहे.

ह्युबर्ट : बापावर गेलाय. मंग झालं काय?

फ्लेव्हिया : चुकलाय कुठेतरी. कुठे, ते त्यालाच विचारावं लागेल. तो आला की तुम्ही मात्र काही बोलू नका.

ह्युबर्ट : मी? मी पस्तीस वर्षं माईकवर—

फ्लेव्हिया : म्हणूनच.

रुबेन : पप्पा! बॅनर एकदम कडक! बेव्हर्ली पार्कपासून इथपर्यंत बसमध्ये उभा आलो, कंबर गेली, पण चौकात स्वतःला एवढं मोठं बघितलं आणि सगळं वसूल. ऑफिसमधल्या दिव्याला फोटो पाठवला, ती बोलली, साउथच्या पिक्चरमधला व्हिलन वाटतोस. अरे, फ्लेव्ही! कधी आलीस?

ह्युबर्ट : तू पापलेट कुठून आनलंस?

फ्लेव्हिया : अंकल!

रुबेन : पापलेट? मम्मीनं सांगितलं होतं काय? मला कोणी फोनच नाही केला. ती आहे कुठे?

फ्लेव्हिया : आंटी नवघरच्या बाजारात आहे, संध्याकाळी येईल. तू बस आधी. अभिनंदन.

रुबेन : थँक यू, थँक यू. म्हणजे स्कोअर बघितलास तू. सॉरी हां, फ्लेव्ही. तुझ्या दोनाच्या पुढे गेलो. मनावर घेऊ नको. तुझी थिअरी, तुझा बंद डबा. आमचं ग्राउंडवरचं मशीन. थोडा फरक तो होताही है ना.

फ्लेव्हिया : होतो. तुमच्या मशीनमध्ये खराबी किती?

रुबेन : भरपूर. सगळ्यांच्याच असते. गरम होतं, थरथरतं, मधेच काहीही ओकतं.

फ्लेव्हिया : खराबीमुळे गुण वाढतात की कमी होतात?

रुबेन : कमी होतात. पण आम्ही ती काढली ना. म्हणजे मी काढली. म्हणून तर लीडसाठी माझं नाव आलं. आधीचा स्कोअर सांगण्यासारखा नव्हता, मीटिंगमध्ये सगळे बूट बघत बसायचे. मग मी एक स्क्रिप्ट लिहिली. फालतू ओळी बाजूला, चांगल्या आत. पंधरा मिनटात टीमचा मूड चेंज.

फ्लेव्हिया : अमुक ओळ फालतू आहे, हे तुझ्या स्क्रिप्टला कसं कळतं?

रुबेन : सिंपल. जी ओळ यायलाच नको होती ती आली, म्हणजे नॉइज.

फ्लेव्हिया : यायला नको होती, हे कोण सांगतं?

रुबेन : लिस्ट आहे ना. चोवीस क्यूबिटचं छोटं सर्किट आहे, म्हणजे ओळीत चोवीसच शून्य-एक, साध्या कॉम्प्युटरवर पूर्ण लिस्ट निघते. नंतर स्कोअर चेक करायला लागतेच ती.

फ्लेव्हिया : हं.

रुबेन : म्हणजे ती लिस्ट फक्त चेक करायला असते.

फ्लेव्हिया : हं.

रुबेन : फ्लेव्ही, तू 'हं' करून थांबू नको यार. मी लिस्ट बघून ओळी निवडल्या. मग त्याच लिस्टनं चेक केलं की ओळी चांगल्या आहेत का.

फ्लेव्हिया : आणि चांगल्या निघाल्या.

रुबेन : मर गया. सहा माणसं आहोत आम्ही टीममध्ये. दोघं परदेशात शिकून आलेत. एकाला पण दिसलं नाही?

फ्लेव्हिया : नंबर आवडला की माणूस मागचं बघत नाही. तुला तरी कुठे दिसलं?

ह्युबर्ट : मला दिसलं. मी फक्त त्याला पापलेट बोललो.

रुबेन : मला आठवतंय पप्पा, मी काय विचार करत होतो ते. काहीच करत नव्हतो. स्क्रिप्टचं नाव पण 'पाटी' ठेवलंय मी. मम्मी बंदरावरून यायची, ओट्यावर पाटी पालथी करायची, आणि मी शाळेचा शर्ट घालायच्या आधी निवडून द्यायचो. करंदी इकडे, मांदेली इकडे, कचरा कोपऱ्यात. 'गिऱ्हाईक वरचा थर बघतं रुबेन, कचरा दिसला न्हाय पायजे.' नऊ वर्षं केलं ते. तो डेटा समोर आला, एवढा घाण, आणि हात आपोआप निवडायला लागले.

ह्युबर्ट : म्हनजे चूक तुझ्या मम्मीची.

फ्लेव्हिया : अंकल!

ह्युबर्ट : मी आपली वाटून घेत होतो. एकट्याच्या डोक्यावर जड होईल ना. पन रुबेन, मम्मी निवडायची ती बाजारात मांडायला. होडीवर काय आलं असं कोनी विचारलं, तर ती सगळी पाटी दाखवायची. चिखलासकट.

रुबेन : मला कोणी ते विचारलंच नाही, पप्पा. सगळे म्हणाले, वा.

ह्युबर्ट : आता काय करायचं?

रुबेन : सोमवारी दहा वाजता आमच्या हेड शुभदा मॅडम तो नंबर घेऊन उभ्या राहणार. पहिल्या स्लाइडवर आहे. बॅनरपेक्षा मोठ्या अक्षरात. तीन शहरांतून लोक येतायत.

ह्युबर्ट : कोनी तपासनार हाय?

रुबेन : लगेच कोणी नाही. कच्चा डेटा माझ्याकडेच आहे. मागितला तर द्यायचा, आणि तीन-चार महिने तरी कोणी मागणार नाही. तोपर्यंत मी लीड झालेला असेन.

ह्युबर्ट : मंग...

रुबेन : मंग काय?

ह्युबर्ट : काय न्हाय. मी फक्त 'मंग' बोललो.

फ्लेव्हिया : मी काही बोलणार नाही, रुबेन. शाल घेईन, खुर्चीत बसेन, वेफर्स खाईन.

रुबेन : तू बोलायची गरजच नाही. पप्पाच वाचणार आहे, दोनाच्या वर होत नाही. आणि पुढच्या मिनटाला, आमचे रुबेन, दोन पॉइंट चार तीन.

ह्युबर्ट : मधे लहान मुलांचा डान्स टाकू शकतो. डान्स झाला की लोक आधीचं सगळं विसरतात. मागं एकदा फादरच्या भाषणानंतर टाकला होता. फादर पन विसरले काय बोलले ते.

फ्लेव्हिया : किंवा मी उद्या येतच नाही. ताप आला म्हणून सांगा. खरंच सांगते, मला चालेल. शाल घरी पाठवा.

रुबेन : नको. तू साडेपाच वर्षं घालवलीस आणि मी एक दुपार. माझ्या एका दुपारसाठी तू तापाने आजारी पडायचं? लॅपटॉप आहे माझ्या बॅगेत. कच्चा डेटा पण आहे. न निवडता चालवून बघू?

फ्लेव्हिया : बघावंसं वाटतंय तुला?

रुबेन : अजिबात नाही.

फ्लेव्हिया : मग राहू दे.

रुबेन : चालवतो.

(लॅपटॉपचा पंखा घुरघुरतो. अंगणातल्या वलांडीवर सुकत घातलेले बोंबील वाऱ्याने हलतात.)

रुबेन : एक पॉइंट तीन चार.

ह्युबर्ट : किती?

रुबेन : एक पूर्णांक चौतीस शतांश, पप्पा. तुझ्या भाषेत.

ह्युबर्ट : एवढंच?

फ्लेव्हिया : अंकल, एक म्हणजे ठार आंधळा. दोन म्हणजे स्वर्गातलं यंत्र. तीन वेळा चालवलं तर साधारण एकदा हे यंत्र नीट बघून ओळ आणतं, दोनदा चाचपडतं, असं समजा. चोवीस क्यूबिटला हे वाईट नाही. खरंच नाही. मी मन राखायला म्हणत नाहीये, तेवढी मी चांगली नाही.

ह्युबर्ट : माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्याएवढं दिसतं म्हनजे.

फ्लेव्हिया : त्याहून बरं. तुम्ही त्या डोळ्याने काल माझ्या मम्मीला आंटी समजून ओरडलात.

रुबेन : वाईट नाही, पण लीड करण्यासारखं पण नाही. आधी मीटिंगमध्ये हाच नंबर होता. याच्याकडे बघून सगळे बूट बघायचे.

ह्युबर्ट : फोन कशाला काढलास?

रुबेन : आत्ता नाही केला तर उद्या शाल अंगावर पडेल. मग नाही होणार माझ्याच्यानं.

ह्युबर्ट : चहा तरी घे आधी.

रुबेन : हॅलो, शुभदा मॅडम? रुबेन बोलतोय. हो, शनिवार आहे, सॉरी. नाही, सोमवारी नको, आत्ताच सांगतो. मॅडम, तो नंबर चुकीचा आहे... नाही, मशीन ठीक आहे. मी चुकलो. लिस्ट बघून ओळी निवडल्या मी... हो. तीच लिस्ट... हो, तिनंच मग चेक केलं... एक पॉइंट तीन चार... थ्री, फोर... नाही मॅडम, टीममधल्या कोणाला माहीत नाही, स्क्रिप्ट माझी आहे... नाही, कोणी धमकी वगैरे नाही दिली. माझी बहीण आहे, तिनं 'हं' केलं... फक्त 'हं', मॅडम... हो. कच्चा डेटा सगळा आहे, एक ओळ पण टाकली नाही... ठीक आहे. सोमवारी आठला येतो. ठेवतो.

ह्युबर्ट : काय बोलली?

रुबेन : आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बोलली, स्लाइड काढते.

ह्युबर्ट : आनि लीडरचं?

रुबेन : बोलली, बघू.

ह्युबर्ट : बघू म्हनजे—

रुबेन : मला माहीत आहे पप्पा, बघू म्हणजे काय.

ह्युबर्ट : मला पन म्हाईत हाय. फोरमन करतो म्हनून कारखान्यानं मला सतरा वर्षं बघू सांगितलं. मंग कारखानाच बंद झाला.

फ्लेव्हिया : अंकल, तुम्ही आधार देताय की...

ह्युबर्ट : आधारच देतोय. मला दुसरा येत न्हाय.

रुबेन : राहू दे फ्लेव्ही. बरं वाटतंय ऐकायला. तू काय पुटपुटतेयस?

फ्लेव्हिया : काही नाही. तुझी फाइल बघतेय. ह्या ओळी दर वेळी एकाच जागी बिघडतात, हे बघितलंयस का? आठव्या क्यूबिटपाशी.

रुबेन : कुठे? दाखव.

फ्लेव्हिया : ह्या ज्या तू बाजूला काढल्या होत्यास त्यांतच दिसतं. निवडलेल्यांत दिसणार नाही. सोमवारी हे घेऊन जा. फार मोठं नाहीये, पण रिकाम्या हातांनी जाऊ नकोस.

रुबेन : आयला. खरंच की. आठवा वाकडा आहे.

ह्युबर्ट : ते आठव्याचं नंतर बघा. माझा आठवा प्रश्न वेगळा हाय. हा परिचय मी आता फाडला. तुझ्या नावापुढं काय वाचू उद्या? आनि बॅनरचं काय? शिडी आनतो, काळी पट्टी मारतो नंबरावर. कोनाला काय समजतं.

रुबेन : पट्टी नको मारू.

ह्युबर्ट : लोक विचारतील.

रुबेन : विचारू देत. मीच सांगतो काय झालं ते. माईक देशील मला?

ह्युबर्ट : सगळ्यांसमोर? माजी नगरसेवकासमोर?

रुबेन : त्यांना नाही समजणार. बंदरावरच्यांना समजेल.

फ्लेव्हिया : त्यांना लगेच समजेल.

ह्युबर्ट : हसतील तुला.

रुबेन : हसतील.

ह्युबर्ट : तीन मिनटं मिळतील. त्याच्या वर मी कोनाला देत न्हाय, फादरला पन न्हाय.

रुबेन : मला एक पुरेल.

ह्युबर्ट : न्हाय, तीन घे. आनि सावकाश बोल. तुझी आई मागच्या रांगेत बसते, तिला घाईत बोललेलं ऐकू येत न्हाय.